घरी सांगू नका

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर राज्यभरातील शाळांना जी परिपत्रके आली, त्यांत तक्रारपेटी, सीसीटीव्ही आणि सखी सावित्री समिती या तीन गोष्टींवर भर होता. शाळेतील मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या या सखी सावित्री समितीचा शासन निर्णय २०२२ सालचा. आमच्याकडे ही समिती कागदोपत्री होतीच, फक्त तिची बैठक झाल्याचे कोणाला आठवत नव्हते. मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक आणि उच्च माध्यमिक वर्गांना मराठी शिकवते, आणि समितीतील महिला शिक्षक प्रतिनिधी म्हणून माझे नाव कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले होते. पेटी आली, कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर बरोबर नव्या कॅमेऱ्याखाली ठोकली गेली आणि किल्ली माझ्याकडे आली. पहिल्या महिन्यात तिच्यातून मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नसल्याच्या चार तक्रारी, गणिताच्या सरांवर रचलेली एक कविता आणि मूठभर शेंगांची टरफले निघाली.

ती चिठ्ठी मात्र पेटीत आली नाही. नववीच्या दोन तुकड्यांच्या निबंधाच्या वह्या मी तपासायला घरी आणल्या होत्या. त्या गठ्ठ्याच्या मध्ये, कोणत्याच वहीच्या आत नाही तर दोन वह्यांच्या फटीत, घडी घातलेला एक चौकोनी कागद होता. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम तिरपे काढलेले होते. मजकूर एवढाच होता: ‘मॅडम, तो रोज स्टँडवर थांबतो. मी नाही म्हणाले तरी ऐकत नाही. त्याच्याकडे माझा फोटो आहे. घरी सांगू नका. घरी कळलं तर शाळा बंद होईल.’

याच्या दोनच आठवडे आधी आमच्या शाळेत दामिनी पथकाचे व्याख्यान झाले होते. सभागृहात उजवीकडे मुली, डावीकडे मुलगे, मध्ये रिकामी वाट. पोलीस दलातील ताईंनी ११२ हा क्रमांक सर्वांकडून तीन वेळा म्हणवून घेतला आणि ‘घाबरू नका, आम्ही आहोत’ असे सांगितले. व्याख्यान वाईट नव्हते. ते रस्त्यात आडव्या येणाऱ्या अनोळखी पुरुषाबद्दल होते, आणि घरी सांगितले की घर मुलीच्या बाजूने उभे राहील, हे त्यात गृहीत होते. चिठ्ठी लिहिणारीला ११२ पाठच असणार. तिला त्या मुलाची भीती होती, पण त्याहून मोठी भीती घराची होती, आणि ती निराधार आहे असे मला म्हणता येत नाही. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाल्याचे आढळले आहे. आमच्या शाळेत ही टक्केवारी वेगळ्या रूपात दिसते: एखाद्या मुलीचे ‘नाव निघते’, आठवडाभर ती येत नाही, आणि मग एके दिवशी तिचा मामा शाळा सोडल्याचा दाखला मागायला कार्यालयात उभा असतो.

या विषयावर इतरत्र काय शिकवले जाते, ते मी त्या महिन्यात शोधून वाचले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, एका ग्रामीण परगण्यातील चौदा शाळांत, व्हँजी फोशी या संशोधिकेने १९९०च्या दशकात आठवी-नववीच्या मुलांसाठी ‘सेफ डेट्स’ हा उपक्रम राबवला. दहा तासिका, विद्यार्थ्यांचे एक नाटक आणि एक भित्तिपत्रक स्पर्धा असे त्याचे स्वरूप होते, आणि चार वर्षांनंतरही त्या मुलांमध्ये जोडीदारावरील हिंसाचार कमी आढळल्याचे त्यांच्या पाहणीत दिसले. जवळचे म्हणावे तर मुंबईत १९९३ पासून ‘मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज’ ही संस्था तरुण मुलग्यांशीच या विषयावर बोलते आहे. मुंबईतील शाळांत सहावी-सातवीसाठी ‘जेम्स’ नावाचा लिंगसमभावाचा उपक्रम २००८ पासून चालला, आणि ‘परिवर्तन’ या उपक्रमात क्रिकेटच्या प्रशिक्षकांनी मैदानावरच मुलांशी मुलींविषयीच्या वागण्याबोलण्याची चर्चा केली. या शेवटच्या कल्पनेने माझे एक काम सोपे केले. आमचे क्रीडाशिक्षक कबड्डीचे आहेत, मुले त्यांचा शब्द खाली पडू देत नाहीत, आणि त्यांनी विचारताच होकार दिला.

पण परदेशी साहित्य जसेच्या तसे उचलता येईना, कारण त्यातला मूळ शब्दच आमच्याकडे लागू पडत नव्हता. आमच्या मुलांचे ‘डेटिंग’ कुठे होते? दोघांनी मिळून कुठे जाणे ही गोष्ट बहुतेकांच्या आयुष्यात घडलेलीच नसते. म्हणून पहिल्या आठवड्यात मी अकरावीच्या मुलांना, नाव न घालता, या विषयाचे त्यांचे स्वतःचे शब्द कागदावर लिहून द्यायला सांगितले. कागद गोळा करून फळ्यावर उतरवले तेव्हा फळा भरला: लाइन देणे, प्रपोज मारणे, पटवणे, सेटिंग, चालू आहे, होकार, भाव खाते, ब्लॉक, स्टेटस, वहिनी. एका मुलीने स्पष्टीकरण दिले, ‘मॅडम, जास्त करून आमच्याकडं नुसतं बोलत्यात असं म्हणतात. ते दोघं बोलत्यात, म्हणजे आहे.’ एकमेकांशी बोलणे ही साधी क्रिया जिथे संबंधाचे नाव होऊन बसते, तिथे मुलाशी वहीबद्दल बोललेल्या मुलीवरही तेच नाव येऊन पडते. तो फळा मी मोबाइलमध्ये टिपून ठेवला आणि पुढच्या सगळ्या तासिका त्या शब्दांभोवती रचल्या.

परवानगीच्या प्रकरणावर फार लिहीत नाही. संस्थेच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी २००७ सालची आठवण काढली. त्या वर्षी किशोरवयीन शिक्षणाच्या साहित्यावरून राज्यात गदारोळ होऊन तो कार्यक्रम थांबवला गेला होता. ‘आता शाळेनं पोरांना प्रेम करायला शिकवायचं का?’ असे त्यांनी विचारले. मुख्याध्यापकांनी शांतपणे परिपत्रक पुढे सरकवले आणि वेळापत्रकात विषयाचे नाव ‘जीवनकौशल्ये’ असे लिहिण्याचे ठरले. शनिवारची शाळा सकाळची असल्यामुळे शेवटची तासिका मिळाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर नववी आणि अकरावी, प्रत्येकी सहा शनिवार, त्यांपैकी पहिले तीन मुलगे-मुली वेगळे आणि नंतरचे तीन एकत्र, अशी आखणी झाली.

पहिली तासिका माझ्या हातून फसली. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो. त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळते, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आणि संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. प्रामाणिकपणा म्हणून हे मी नववीच्या मुलींना पहिल्या दहा मिनिटांतच सांगितले: मी तुमचे ऐकून घेईन, पण काही गोष्टी मला माझ्यापाशी ठेवता येणार नाहीत. वर्गात शांतता पसरली. मग मागच्या बाकावरून, कोणी विचारले ते कळणार नाही अशा बेताने, प्रश्न आला, ‘मग मॅडम, सांगायचं कशाला?’ माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते. मी कायद्याची कलमे पुढे वाचत राहिले आणि त्यानंतरचे तीन आठवडे पेटीत काहीही आले नाही, टरफलेसुद्धा.

आज तीच गोष्ट मी वेगळ्या क्रमाने सांगते. आधी, कोणाचेही नाव न घेता काय काय विचारता येते ते सांगते: ‘माझ्या एका मैत्रिणीचं असं झालं’ या वाक्यापासून सुरुवात केली तरी चालते, आणि १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर स्वतः फोन लावता येतो. मग, सांगितल्यानंतर नेमके काय घडते ते पायरीपायरीने सांगते, कारण मुलींच्या मनात ‘पोलीस’ या शब्दापुढे गल्लीत येऊन उभी राहिलेली गाडी असते. या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे बालकाचा जबाब घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी नोंदवतात, शक्यतो महिला उपनिरीक्षक नोंदवते, आणि त्या वेळी अंगावर गणवेश नसतो. मी हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा दोन मुलींनी ते वहीत लिहून घेतले. परीक्षेला येणार नाही, असे मी सांगितलेले असूनही.

दुसऱ्या तासिकेला मी पुठ्ठ्याची पत्ते-आकाराची वीस कार्डे केली होती. प्रत्येकावर एक कृती लिहिलेली होती, आणि मुलींनी ती ‘काळजी’, ‘हक्क’ आणि ‘त्रास’ अशा तीन ढिगांत लावायची होती. घरी पोचल्यावर संदेश टाकायला सांगणे, इन्स्टाग्रामचा पासवर्ड मागणे, कोणत्या मुलाशी बोलायचे नाही ते ठरवून देणे, हातावर ब्लेडने तिचे नाव कोरणे, ‘तू बोलली नाहीस तर मी मरून जाईन’ असे म्हणणे. पासवर्ड मागण्याचे कार्ड बहुतेक गटांनी ‘काळजी’त ठेवले. ब्लेडचे कार्ड एका गटात बराच वेळ हातोहात फिरत राहिले, आणि शेवटी एक मुलगी म्हणाली, ‘एवढं रक्त काढलंय म्हणजे खोटं तर नसणार ना मॅडम.’ मी कार्ड उलटे ठेवले आणि विचारले की ते नाव कोरलेले पाहिल्यावर तिला ‘नाही’ म्हणणे सोपे जाईल की अवघड. ‘अवघड,’ तीन-चार जणी एकदम म्हणाल्या. तेवढे त्या दिवशी पुरले. ‘मरून जाईन’ या कार्डाला मात्र मी वेळ दिला, कारण ती धमकी असू शकते आणि खरेही असू शकते, आणि दोन्ही वेळा पंधरा वर्षांच्या मुलीने एकटीने ते ओझे वाहायचे नसते. घरातल्या किंवा शाळेतल्या एका मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगायचे असते. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक फळ्यावर लिहिला. तासिका संपता संपता एक मुलगी सहज म्हणाली, ‘पप्पा आईचा मोबाइल रोज बघतात की.’ तिला तक्रार करायची नव्हती, ती नुसती माहिती देत होती. मी काही बोलले नाही. घंटा झाली होती हे खरे, पण नसती झाली तरी काय बोलले असते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मुलग्यांच्या वर्गात क्रीडाशिक्षक बोलत होते आणि मी मागच्या बाकावर बसून होते. त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला: वहिनी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, एखाद्या मुलाने मित्रांत ‘ती मला आवडते’ असे जाहीर केले की त्या दिवसापासून टोळीतले सगळे तिला वहिनी म्हणू लागतात. ती समोरून गेली की कोणीतरी खोकतो, कोणीतरी त्या मुलाचे नाव मोठ्याने घेतो. तिला यातले काहीही विचारलेले नसते. वरकरणी नाते आदराचे आहे, आणि म्हणूनच मुलग्यांना यात काही वावगे वाटत नाही; उलट दुसऱ्या टोळीच्या मुलांनी तिच्याकडे बघू नये, म्हणजे आम्ही तिचे रक्षणच करतो, असे एकाने सरांना पटवून द्यायचा प्रयत्न केला. ‘तिला वहिनी म्हणण्याआधी तिला कोणी विचारलं होतं का?’ सरांनी विचारले. ‘सर, मस्करी असती.’ ‘मस्करीत ती हसती का?’ यावर उत्तर आले नाही, पण पटल्याचेही चिन्ह दिसेना.

पटण्याचे काम नकाशाने केले. मुलींच्या तासिकेत मी प्रत्येकीला एसटी स्टँडपासून शाळेच्या फाटकापर्यंतचा आपला रोजचा रस्ता काढायला सांगितले होते. सरळ रस्ता बाजारपेठेतून, पानपट्टी आणि मोबाइलच्या दुकानासमोरून येतो आणि चालत सात-आठ मिनिटांचा आहे. सत्तावीसपैकी एकोणीस मुलींनी तो काढलाच नव्हता. त्यांचे रस्ते खरेदी-विक्री संघाच्या गोदामामागून, जनावरांच्या बाजाराच्या मोकळ्या जागेला वळसा घालून येत होते, आणि एकीने तर ओढ्यावरच्या फरशीवरून वाट दाखवून शेजारी लिहिले होते, ‘पावसाळ्यात नाही.’ नावे कापून हे नकाशे सरांनी मुलग्यांच्या वर्गात भिंतीवर लावले. मुले आधी हसली, मग जवळ जाऊन बघू लागली, कारण रस्ते त्यांचेही रोजचे होते. कबड्डीच्या संघातला एक उंच मुलगा ओढ्याच्या नकाशापाशी बराच वेळ उभा होता. ‘मला वाटायचं, पोरींना गर्दी नको असती म्हणून तिकडून जात्यात,’ तो म्हणाला. सरांनी फक्त विचारले, ‘गर्दी कोणाची?’

एकत्र तासिका सुरू झाल्या तेव्हा मी माझ्या विषयाकडे वळले, कारण व्याकरण शिकवताना मला आत्मविश्वास असतो. वर्तमानपत्रांतली कात्रणे मुलांनीच आणली होती. जवळजवळ प्रत्येक मथळ्याची धाटणी एकच: ‘एकतर्फी प्रेमातून तरुणीवर कोयत्याने हल्ला.’ मी विचारले, या वाक्यात कर्ता कोण? थोडा वेळ गेला आणि एका मुलाने पाठ्यपुस्तकी उत्तर दिले, ‘कर्ता अध्याहृत आहे, मॅडम.’ मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, उभी राहिली: ‘मॅडम, प्रेमातून म्हणजे ऊन प्रत्यय, पंचमी, अपादान. म्हणजे हल्ला प्रेमातनं निघाला असं ही बातमी म्हणती. आणि ज्यानं केला तो वाक्यातच नाही.’ विभक्तीचा तक्ता इतकी वर्षे शिकवूनही तो असा कोणी वापरलेला मी पाहिला नव्हता.

मग मुलांना मथळे पुन्हा लिहायला सांगितले. पहिला मसुदा आला: ‘नकार दिल्याने तरुणीवर हल्ला.’ त्यावर मुलींच्या बाजूने आक्षेप आला की आता दोष नकारावर गेला, म्हणजे तिच्यावरच. दोन-तीन प्रयत्नांनंतर फळ्यावर उरले ते साधे कर्तरी वाक्य: ‘तरुणाने तरुणीवर कोयत्याने हल्ला केला.’ ‘मॅडम, हे वाचून त्याचा राग येतो,’ एक मुलगा म्हणाला, ‘पहिलं वाचून नव्हता आला.’ मी त्यांना दोन घटना सांगितल्या. १९९० साली उल्हासनगरात दहावीची परीक्षा देणाऱ्या मुलीला परीक्षा केंद्रातच जाळून मारण्यात आले. तेव्हा मी लहान होते, आणि त्यानंतर कितीतरी दिवस घरात मोठी माणसे तो विषय निघाला की आवाज खाली आणत, एवढे मला आठवते. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटात महाविद्यालयात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला रस्त्यात पेटवण्यात आले. आठवडाभराने ती गेली, आणि दोन वर्षांनी आरोपीला जन्मठेप झाली. तीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन्ही घटनांना आपण ‘एकतर्फी प्रेम’ हेच शब्द वापरले आहेत. माझे मत मी लपवले नाही: या दोन शब्दांतला ‘प्रेम’ हा शब्द खोटा आहे, आणि तो छापणारा, वाचणारा आणि बोलणारा प्रत्येक जण गुन्हेगाराला थोडी सवलत देतो.

पाचव्या तासिकेचा विषय नकार ऐकून घेण्याचा होता. मुलींना ‘नाही म्हणायला शिका’ हे सगळेच सांगतात. नाही ऐकल्यावर पुढच्या पाच मिनिटांत काय करायचे, हे मुलग्यांना मात्र कोणी सांगत नाही. ज्या सिनेमांवर ती वाढतात, त्यांतला नायक तर नकारानंतरच खरा कामाला लागतो. सरांनी आपल्या खेळातला दाखला दिला: गडी बाद झाला की वाद न घालता मैदानाबाहेर जाऊन बसतो, त्यात त्याची इज्जत जात नाही. दाखला छान जमला होता. तेवढ्यात संघाचा चढाईपटू म्हणाला, ‘पण सर, आपल्यातल्यानं त्यांचा गडी मारला की बाद झालेला परत आत येतो की!’ वर्ग खो खो हसला आणि सर क्षणभर खरेच अडकले. ‘खरं आहे,’ ते हसत म्हणाले, ‘मग हा खेळ कबड्डी नाही असं समजा.’ त्यानंतर जोड्या लावून सराव झाला. एकाने ‘मला यात रस नाही’ म्हणायचे आणि दुसऱ्याने ‘बरं’ एवढेच म्हणून निघून जायचे. हे ‘बरं’ म्हणणे मुलग्यांना अतिशय जड गेले. कोणी ‘का पण?’ जोडत होते, कोणी ‘विचार करून सांग’ म्हणत होते, एकाने ‘बरं’ म्हटले ते अशा आवाजात की तीच धमकी वाटली आणि त्याला ते पुन्हा म्हणायला लावले. मित्रांनी काय करायचे, हाही सरावाचाच भाग होता, कारण नकारानंतर मुलाला चिथावणारे बहुतेक वेळा त्याचेच मित्र असतात.

चिठ्ठी लिहिणारी मुलगी चौथ्या शनिवारनंतर माझ्याकडे आली. ग्रंथालयात, एका मैत्रिणीला बाहेर उभी करून. तो वीस वर्षांचा होता, शाळेतला नव्हता. स्नेहसंमेलनात तिने नऊवारी नेसून केलेल्या नाचाचा फोटो कोणाच्या तरी स्टेटसवरून त्याने घेतला होता आणि त्यावर आणखी काही जोडून तो गावभर फिरवण्याची धमकी नव्या नव्या खात्यांवरून तो देत होता. मी तिला आधी सांगितले की हे मला मुख्याध्यापकांना आणि पोलिसांना कळवावे लागेल, आणि मग विचारले की घरी आधी कोणाला सांगायचे ते तू ठरव. तिने आईचे नाव घेतले नाही, काकूचे घेतले. दुसऱ्या दिवशी काकू आणि आई दोघी आल्या. आई सारखी एकच वाक्य म्हणत होती, ‘मॅडम, पोरीचं नाव हुईल ओ.’ काकूनेच तिला खुर्चीवर बसवले आणि म्हणाली, ‘नाव त्याचं हू दे की. तिचं काय म्हणून?’

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा जे भेटले, त्यांनी मुलीला काही दिवस शाळेत पाठवू नका असा सल्ला दिला. आम्ही कलम २४ चा उल्लेख केला आणि जबाब काकूच्या घरी घेण्याची विनंती केली. दोन दिवसांनी महिला उपनिरीक्षक साध्या पंजाबी ड्रेसमध्ये आल्या, चहा घेतला, मुलीच्या शेजारी जमिनीवर बसून जबाब लिहिला. मुलगी अठरा वर्षांखालील असल्याने भारतीय न्याय संहितेतील पाठलागाच्या कलम ७८ बरोबर पोक्सोही लागला. मुलाचा मोबाइल जप्त झाला. खटला चालू आहे, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहिणे योग्य नाही.

यात एक चूक माझी झाली आणि ती सांगितली पाहिजे. समितीच्या इतिवृत्ताच्या वहीत मी मुलीचे नाव घातले नव्हते, पण इयत्ता आणि तुकडी लिहिली होती, आणि वही कार्यालयातल्या उघड्या कपाटात राहिली. दुपारच्या चहापर्यंत शिक्षकखोलीत कुजबुज होती आणि संध्याकाळपर्यंत ती बाजारपेठेत पोचली होती. मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही. ते आठ दिवस रोज सकाळी हजेरी घेताना मी तिच्या नावापाशी येत होते आणि दाखला मागायला येणाऱ्या मामाची वाट बघत होते. नवव्या दिवशी ती आली, तिच्या वडिलांच्या मोटारसायकलवर. वडील माझ्याशी बोलले नाहीत, फाटकाशी थांबून ती आत जाईपर्यंत बघत राहिले. तेव्हापासून ते तिला रोज सोडतात. यात तिची एसटीची मोकळीक गेली, मैत्रिणींबरोबरचा रस्ता गेला, आणि शाळा राहिली. तिला हा सौदा कसा वाटतो, हे मी विचारलेले नाही.

आता इतिवृत्तात फक्त अनुक्रमांक असतो आणि वही कुलपात असते. पेटी कॅमेऱ्याखालून काढून ग्रंथालयाच्या वळणावर, पिण्याच्या पाण्याच्या नळांशेजारी लावली आहे, जिथे प्रत्येकाला दिवसातून दोनदा जावेच लागते आणि कोण कशासाठी थांबले ते कळत नाही. नववीची नवी तुकडी आली आहे, तासिका पुन्हा सुरू आहेत. मागच्या शुक्रवारी पेटीत एक चिठ्ठी होती, अक्षर मुलाचे, तेही न लपवता काढलेले: ‘सर, माझ्या मित्राला नकार मिळाला. त्याने बरं म्हटले. पण तो दोन दिवस नीट जेवत नाही आणि बाकीचे त्याला चिडवतात. त्याला काय सांगू?’ मी ती क्रीडाशिक्षकांना दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी करून शिट्टीच्या दोरीबरोबर खिशात ठेवली, आणि त्या दिवशीचा सराव अर्धा तास आधी संपवला.